सासऱ्यांची पद्मिनी आणि घाटातलं धुकं

चिपळूणजवळच्या गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, “माझे मरहूम सासरे मुंबईत टॅक्सी चालवत. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालकीची गाडी चालवल्यावर त्यांनी १९७५ च्या मॉडेलची प्रीमियर पद्मिनी स्वतःच्या नावावर घेतली. त्यांच्या इन्तेकालानंतर ती अंगणात पत्र्याखाली उभी होती. आता मुलानं ती दुरुस्त करून घेतली आहे. डिसेंबरात कराडला त्याचा निकाह आहे, आणि नवी सून याच गाडीतून कुंभार्ली घाट उतरून घरी यावी अशी त्याची जिद्द आहे. गाडीला बाहेरून एकच आरसा आहे, तोही हलतो. मुलगा मोबाइलवर मडगार्डवर बसवायचे चकचकीत आरसे आणि पिवळे फॉग लाइट बघत असतो. मला एवढंच विचारायचं आहे, की यातलं कामाचं काय आणि दिखाव्याचं काय?”

भगिनी, तुमच्या प्रश्नात मोठ्यांची अमानत आहे आणि घरात येणाऱ्या लेकीचा जीवही आहे. म्हणून या महिन्याचं सदर सगळं याच प्रश्नाला दिलं आहे. ज्यांच्या घरी जुनी फियाट किंवा अँबॅसडर उभी आहे, त्यांनाही याचा उपयोग होईल, इन्शाअल्लाह.

प्रथम एक गोष्ट समजून घ्या. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना बाहेरचे आरसे आजच्यासारखे दोन्ही बाजूंना मिळत नसत. आतला एक आरसा असे, उजव्या दरवाजावर एखादा असे, आणि डावा आरसा ज्याला हवा तो दुकानातून आणून बसवी. रस्त्यावर गाड्या कमी होत्या, वेग कमी होता, म्हणून ते निभावलं. आज त्याच घाटात मागून दुचाकी येते, कंटेनर येतो, एसटी येते. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. ती इतरांपेक्षा हळू चालणार आणि तिला लोक ओव्हरटेक करणार. हळू चालणाऱ्या गाडीला मागचं नीट दिसण्याची गरज जास्त असते. म्हणजे आरसे हा शोभेचा भाग राहिलेला नाही.

आता मडगार्डवरच्या आरशांबद्दल. दिसायला ते देखणे असतात यात शंका नाही. पण आरसा डोळ्यांपासून जितका लांब, तितकं त्यात कमी दिसतं. घरातल्या आरशापासून चार पावलं मागं गेलं, की त्यात खोलीचा कमी भाग दिसतो, तसंच हे. थोडा हिशेब करू. १० सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा उजव्या दरवाजावर, म्हणजे डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असेल, तर २० मीटर मागं साधारण ३.४ मीटर रुंदीचा रस्ता दिसतो. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण लेन. तोच आरसा मडगार्डवर, दीड मीटरवर नेला, तर दिसणारी रुंदी १.४ मीटरवर येते. एवढ्यात एक मोटारसायकल मावेल, तिच्या शेजारून येणारी दुसरी दिसणार नाही. डाव्या दरवाजावरचा आरसाही चालवणाऱ्यापासून सव्वा मीटरच्या पुढं असतो. तिथंही सपाट काच लावली, तर १.६ मीटरच दिसेल.

यावर उपाय म्हणजे बहिर्गोल, बाहेरून किंचित फुगीर काचेचा आरसा. मुलं हा आरसा नववीच्या विज्ञानात शिकतात. १२०० मिलिमीटर वक्रता त्रिज्येचा, तेवढ्याच १० सेंटिमीटर रुंदीचा बहिर्गोल आरसा डाव्या दरवाजावर बसवला, तर २० मीटर मागं १.६ ऐवजी सुमारे ५ मीटर रुंदी दिसते. फायदा तिप्पट. पण त्याची किंमतही तिप्पटच मोजावी लागते. त्यात प्रत्येक वस्तू सपाट आरशातल्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश आकाराची दिसते. २० मीटर मागं असलेली मोटारसायकल ६० मीटर मागं आहे असं वाटतं. “अजून लांब आहे” म्हणून गाडी वळवली आणि घात झाला, असे अपघात याच भासातून होतात.

म्हणून निवड अशी करावी. उजव्या दरवाजावर सपाट किंवा अगदी कमी फुगीर काच, म्हणजे अंतराचा अंदाज खरा राहील. डाव्या दरवाजावर बहिर्गोल काच, म्हणजे रुंदी मिळेल. आणि डाव्या आरशात वाहन दिसलं, की आतल्या सपाट आरशात त्याचं खरं अंतर एकदा बघून घ्यायची सवय. मुलाला मडगार्डवरच आरसे हवे असतील, तर तिथं दोन्ही बाजूंना बहिर्गोल काचच लागेल. तेव्हा उजव्या बाजूचाही अंतराचा अंदाज हातचा जातो, हे त्याला सांगा. माझं मत विचाराल, तर दरवाजावरचे आरसेच बरे.

दुकानात आरसा घेताना त्याची चमक शेवटी बघा. आधी सांधा हातानं हलवून बघा. स्क्रू घट्ट केल्यावरही तो वळत असेल, तर घाटातल्या खड्ड्यांत तो रोज खाली मान घालेल. लांब दांडीचा आरसा इंजिन चालू झालं, की थरथरतो आणि मागच्या गाडीचे दोन दिव्यांचे चार दिवे दिसू लागतात. आखूड दांडीचा, रुंद बैठकीचा आरसा स्थिर राहतो. बसवण्यापूर्वी एकानं चालकाच्या जागी बसावं आणि दुसऱ्यानं आरसा बाहेरून हातात धरून जागा ठरवावी. पद्मिनीच्या पुढच्या दरवाजाला तिरकी उघडणारी छोटी काच असते. तिच्या चौकटीची पट्टी नेमकी आरशाच्या आड येते. दोन इंच मागंपुढं केल्यानं फरक पडतो. आणखी जुनी, १९५० च्या दशकातली फियाट ११०० असेल, तर तिच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. तिथं दरवाजा पूर्ण उघडून आरसा कुठं आपटत नाही ना, हे पाहिल्याशिवाय जागा पक्की करू नये. (या मॉडेलला मुंबईत लोक ज्या प्राण्याच्या नावानं ओळखत, ते नाव आपल्या घरांत कुणी घेत नसे. नुसतं ‘जुनी फियाट’ म्हटलं, की कळायचं.)

शक्यतो पत्र्याला नवं भोक पाडू नका. आधीच्या आरशाची भोकं असतील तर तीच वापरा. नसतील तर दरवाजाच्या कडेला चिमट्यासारखे बसणारे आरसे मिळतात. खाली रबराची गादी घाला, म्हणजे रंग खरवडणार नाही. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत नव्या भोकाच्या कडेनंच गंज सुरू होतो, आणि आतून पसरलेला गंज दिसेपर्यंत दरवाजा सडलेला असतो. हाती आलेली अमानत पुढच्या पिढीला देताना तिच्यात कमीत कमी छिद्रं असावीत. उद्या कुणाला आपले आरसे काढून मूळची गाडी जशी होती तशी करायची असेल, तर ते शक्य असलं पाहिजे.

आरसे लावून झाले, की ते जुळवायची रीत. पुष्कळ जण अर्ध्या आरशात स्वतःचीच गाडी बघत असतात. चालकाच्या जागी बसून डोकं उजव्या खिडकीकडे न्या आणि उजवा आरसा असा फिरवा, की आपल्या गाडीची बाजू जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मधोमध आणून डावा आरसा तसाच जुळवा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसेनाशी होईल आणि शेजारची लेन दिसू लागेल. जे आतल्या आरशातून सुटतं, ते बाहेरचा पकडेल.

आतल्या आरशाबद्दल एक बोलायचंच आहे, राग मानू नका. आपल्या बहुतेक गाड्यांत त्याला तस्बीह टांगलेली असते आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘माशाअल्लाह’ चिकटवलेलं असतं. नियत नेक आहे. पण झुलणारी तस्बीह वळणावर नजर ओढते आणि पद्मिनीच्या आधीच लहान असलेल्या मागच्या काचेचा निम्मा भाग अक्षरांखाली जातो. तस्बीह हातात किंवा खिशात असू द्या आणि स्टिकर कोपऱ्यात लहान लावा. लग्नाच्या दिवशी फुलांच्या माळा आरशांवरून, दिव्यांवरून आणि नंबरप्लेटवरून जाणार नाहीत, एवढं सजवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

आता फॉग लाइट. पिवळा प्रकाश धुकं चिरत जातो, असं सर्रास म्हटलं जातं. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो त्यावरून हा समज झाला असावा. पण तिथं प्रकाश विखुरतो तो हवेच्या अतिसूक्ष्म रेणूंमुळे. धुक्याचे थेंब साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, म्हणजे प्रकाशलहरींच्या मानानं कितीतरी मोठे असतात. ते पांढरा, पिवळा, निळा, सगळेच रंग जवळजवळ सारखे उधळून लावतात. पिवळ्या काचेचा फायदा एवढाच, की ती निळा भाग गाळते, आणि निळसर चकाकी डोळ्यांना अधिक त्रास देते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे पुढचे दिवे पिवळेच असावेत असा नियम होता. म्हणजे पिवळा रंग वाईट नाही. जुन्या गाडीला तो शोभतोही. पण फॉग लाइट रंगामुळे काम करत नाही.

तो काम करतो आकारामुळे आणि जागेमुळे. धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण आपल्या डोळ्यांसमोरच्या थेंबांवरून प्रकाश उलट आपल्याकडेच येतो. फॉग लाइटचा झोत रुंद आणि चपटा असतो, त्याची वरची कड चाकूनं कापल्यासारखी असते. तो खाली बसवला, की प्रकाश रस्त्यालगत पसरतो, नजरेच्या रेषेत येत नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी, कठड्याचा पाया, गटाराची कड दिसते. धुक्यात गाडी चालवणाऱ्याला पुढचे शंभर मीटर दिसत नाहीतच. त्याला कड दिसणं महत्त्वाचं.

म्हणून खरेदीच्या वेळी काचेची नक्षी बघा. उभ्या रेघांची काच प्रकाश आडवा पसरवते. नितळ काच आणि खोल वाटीचा दिवा बहुतेक वेळा लांब झोताचा निघतो, तो धुक्यात कुचकामाचा. युरोपीय मान्यतेच्या हॅलोजन दिव्यांच्या काचेवर इंग्रजी ‘बी’ अक्षर असतं ते फॉग लाइटचं, आणि ‘एचआर’ असतं ते लांब झोताच्या दिव्याचं. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुने लुकासचे गोल दिवे मिळाले, तर ‘एसएफटी ५७६’ हा फॉग लाइट आणि ‘एसएलआर ५७६’ हा लांब झोताचा. बाहेरून दोन्ही भावंडांसारखे दिसतात. जुन्या दिव्याच्या वाटीत बाजारचा एलईडी बल्ब घालायचा मोह टाळा. ती वाटी बारीक तारेच्या बल्बसाठी घडवलेली असते. प्रकाशाचा बिंदू हलला, की वरची कड मोडते आणि प्रकाश हवा तिथं न जाता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

जागा म्हणजे बंपरच्या खाली किंवा बंपरलगत, हेडलाइटपेक्षा खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. बंपरच्या मूळ बोल्टमध्येच लोखंडी पट्टी अडकवून दिवे बसवता येतात, नवं भोक लागत नाही. मग संध्याकाळी सपाट जागी गाडी भिंतीसमोर २५ फुटांवर उभी करा. दिव्याचा मध्य जमिनीपासून जितका उंच, त्याहून ४ इंच खाली भिंतीवर प्रकाशाची वरची कड आली पाहिजे. दिवा ४० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर एवढ्या उतारानं प्रकाश सुमारे ३० मीटरवर जमिनीला टेकतो. यातून एक गोष्ट आपोआप निघते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ओल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगात चालकानं ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतचा वेळ धरला, तर थांबायला ३० मीटर सहज लागतात. म्हणजे दिव्याचा प्रकाश संपतो तिथंच गाडी थांबते, हाताशी काही उरत नाही. धुक्यात ताशी २५ ते ३० च्या पुढं जायचं नाही, दिवे कितीही चांगले असोत. धुकं दाट असेल, तर त्याहूनही कमी.

आता विजेचा हिशेब, कारण जुन्या गाडीत खरा धोका इथं असतो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर. गाडीचं जुनं बटण आणि जुनी वायर एवढ्यासाठी केलेली नाही. ती तापते, वेष्टण वितळतं. म्हणून बॅटरीपासून १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिले, रिलेपासून दिवे, आणि बटणानं फक्त रिले चालू करायचा. रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीकडून येणारी वायर, ८७ ला दिव्यांकडे जाणारी, ८६ ला बटणाची आणि ८५ ला अर्थिंग. काम झाल्यावर वायरिंगवाल्याला हे उघडून दाखवायला सांगा. फ्यूज बॅटरीच्या जवळ असला पाहिजे.

गाडीला अजून डायनामोच असेल, तर आणखी एक गोष्ट. डायनामो मंद इंजिनावर जवळजवळ चार्ज करत नाही. घाटात गाड्यांची रांग लागली, हेडलाइट, फॉग लाइट, मागचे दिवे आणि वायपर सगळं चालू राहिलं, तर सुमारे २० अँपिअर बॅटरीतून जातात. ४० अँपिअर-तासांची बॅटरी तासाभरात अर्धी रिकामी होईल. अशा गाडीला ३५ वॅटचे बल्ब पुरेत. ११० ऐवजी ७० वॅट जातील आणि चांगल्या काचेचा ३५ वॅटचा दिवा वाईट काचेच्या ५५ वॅटच्या दिव्यापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

मागच्या बाजूला विसरू नका. धुक्यात हळू चालणाऱ्या गाडीला धोका मागून असतो. पद्मिनीचे मागचे दिवे लहान. त्यांच्या वाट्या साफ करा, अर्थिंग घासून घ्या, बल्ब नवे घाला. बंपरखाली २१ वॅटचा एक लाल फॉग लाइट लावला तर उत्तम. मात्र धुकं सरलं, की पुढचे-मागचे दोन्ही फॉग लाइट बंद. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचा एक भाग आहे, हे आपण मुलांना मदरशात शिकवतो. स्वच्छ रात्री समोरच्याच्या डोळ्यांत घुसणारा दिवा ही आजच्या वाटेवरची तशीच वस्तू आहे. तो काटा आपणच टाकलेला असतो आणि आपणच एका बटणानं उचलू शकतो.

कागदपत्रांचंही बघून घ्या. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुमची गाडी त्या वयाची आहे. ती घरच्या कामाला वापरायची असेल, तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण चालू ठेवणं योग्य. मुलानं आरसी हातात घेऊन मुदत तपासावी, विमाही बघावा.

पैसे कुठं आधी घालायचे? ब्रेक, टायर आणि वायपर पहिले. मग हेडलाइटच्या काळवंडलेल्या वाट्या बदलणं आणि वायरिंग. त्यानंतर दोन आरसे. फॉग लाइट सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला, की खर्च इसराफमध्ये जमा होतो, मग वस्तू कितीही देखणी असो. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. गाडीच्या बाबतीत ब्रेक आणि दिवे हाच तो दोर.

आणि भगिनी, तुम्ही म्हणता तुम्हाला त्यातलं कळत नाही. निकाहच्या पंधरा दिवस आधी मगरिबनंतर एक काम कराल? गाडी अंगणात सुरू करायला सांगा आणि २५ फूट पुढं जाऊन उभ्या राहा. फॉग लाइटनं तुमचे डोळे दिपले, तर दिवे अजून खाली करायला लावा. मग मागच्या बाजूला डाव्या अंगानं २० मीटर, म्हणजे साधारण पंचवीस-तीस पावलं चालत जा आणि मुलाला हाक मारून विचारा, “मी आरशात दिसते का?” तो हो म्हणाला, तर आणखी एक पाऊल रस्त्याच्या कडेकडे सरका आणि पुन्हा विचारा. तुम्ही दिसेनाशा झालात, की तिथं खडूनं खूण करा. दुचाकीवाला नेमका त्या खुणेपलीकडून येत असतो, हे मुलाला तिथंच उभं राहून समजावून सांगा. घाटात धुकं फारच दाट असेल, तर वर पाटणला थांबून सकाळी निघायचं, हेही त्याच वेळी ठरवून टाका. वलीमा एक दिवस पुढं गेला तरी चालेल.